दहा पिना, चोवीस तास

गोल्फचं स्वतंत्र चॅनल अमेरिकेत जानेवारी १९९५ मध्ये सुरू झालं. अर्नोल्ड पामरसारखा दिग्गज गोल्फपटू पाठीशी असूनही दिवसभर नुसतं गोल्फ कोण बघणार, असं म्हणणारे कमी नव्हते. चॅनल चाललं. मग बोलिंगचं का नको, हा प्रश्न तिथल्या बोलिंगवेड्यांना पडणारच होता. (क्रिकेटची गोलंदाजी डोक्यातून काढून टाका. ही साठ फुटी लेनवर जड बॉल घरंगळत सोडून दहा पिना पाडायची बोलिंग.)

खरं तर टीव्हीशी या खेळाचं फार जुनं सूत. ते जुळलं एका यंत्रामुळे. पूर्वी पाडलेल्या पिना पुन्हा उभ्या करायला लेनच्या टोकाला पोरं बसवलेली असत. बॉल आला की पाय वर घ्यायचे, मग खाली उडी मारून पिना मांडायच्या आणि बॉल परत ढकलायचा. पोराच्या चपळाईवर खेळाची गती ठरे. फ्रेड श्मिट यांनी शोधलेलं पिना मांडणारं यंत्र एएमएफ कंपनीनं १९४६ मध्ये बफलोच्या स्पर्धेत लोकांपुढे आणलं. पन्नाशीच्या दशकात अशी यंत्रं जागोजागी बसली आणि एक डाव साधारण किती वेळात उरकेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. टीव्हीवाल्याला आणखी काय हवं? खेळ छपराखाली, म्हणजे पावसाची भीती नाही. मैदानभर पळणाऱ्यांचा पाठलाग नाही. एक कॅमेरा खेळाडूवर, एक पिनांवर आणि फ्रेमा (डावाचे टप्पे) संपतील तशा जाहिराती.

शिकागोत १९५४ पासून ‘चॅम्पियनशिप बोलिंग’ हा कार्यक्रम चित्रित होऊ लागला. पण मला जास्त गंमत वाटते ती १९५९ च्या ‘जॅकपॉट बोलिंग’ची. एनबीसी या चॅनलवर शुक्रवारी रात्री मुष्टियुद्ध असे. कोण कधी आडवा होईल याचा नेम नाही, त्यामुळे लढतीनंतरचा वेळ भरायला हा कार्यक्रम. म्हणजे बोलिंग तिथे आली ती खोगीरभरती म्हणून! पुढे मिल्टन बर्ल हा नामांकित विनोदवीर सूत्रधार झाला, आणि जानेवारी १९६१ मध्ये थर्मन गिब्सननं ओळीनं सहा स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना आडव्या) मारून ७५,००० डॉलर नेले.

दरम्यान, अ‍ॅक्रनचे वकील एडी एलायस यांनी १९५८ मध्ये ३३ खेळाडूंकडून प्रत्येकी ५० डॉलर घेऊन पीबीए ही व्यावसायिक संघटना उभी केली होती. एबीसी या चॅनलवर १९६२ पासून तिचे सामने दिसू लागले. टीव्हीवरच्या अंतिम फेरीची रचना पाहा. पाच जण उरतात. पाचवा चौथ्याशी खेळतो, जिंकेल तो तिसऱ्याशी, असं चढत चढत शेवटी पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूशी गाठ. तो तोवर बाकावर बसून. चार डाव, दीड तास. पहिला आलेला माणूस थंड हातांनी एकच डाव खेळून सगळं घालवू शकतो, हा त्याच्यावर अन्यायच. पण घड्याळाला ते सोयीचं होतं. १ एप्रिल १९६७ ला याच प्रक्षेपणात जॅक बिओंडोलिलोनं बारापैकी बारा स्ट्राइक मारून ३०० गुण केले. टीव्हीवरच्या अंतिम फेरीतला तो पहिला अचूक डाव.

शनिवारी दुपारी एबीसीवर बोलिंग आणि लगेच ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ हा क्रीडा कार्यक्रम, हा क्रम अमेरिकेतल्या घराघरांत रुळला. मला वाटतं, बोलिंगचं बळ या शेजारात होतं. चॅनलं मोजकी होती, बाहेर थंडी होती आणि जे लागलंय ते लोक बघत होते. केबलवर चॅनलांचं पीक आलं तसा हा वाटेवरचा प्रेक्षक पांगला. उरलेला वयानं मोठा, आणि जाहिरातदारांना हवे तरुण. जून १९९७ मध्ये एबीसीनं पस्तीस वर्षांचा संसार मोडला. २००० साली मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तिघांनी पीबीएच विकत घेतली.

मग बोलिंगचं स्वतंत्र चॅनल काढलंच, तर चोवीस तासांत दाखवणार काय? बोलिंगकडे एक गोष्ट आहे, जी दीड तासात कधीच मावली नाही. तेल! लेनच्या पुढच्या साधारण दोन तृतीयांश भागावर तेलाचा पातळ थर असतो. त्यावर बॉल सरकतो, कोरड्या भागात पोचला की पकड घेऊन वळतो. प्रत्येक बॉल थोडं तेल पुसून नेतो आणि थोडं पुढे पसरवतो. म्हणून तासापूर्वी जिथून स्ट्राइक पडत होता तिथून आता पडत नाही आणि खेळाडू अर्ध्या पावलानं सरकून उभा राहतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला दर वेळी तोच बॉल, त्याच पिना. काही सामन्यांत निळं तेल वापरून पाहिलं, तेव्हा कुठे हा सगळा खेळ डोळ्यांना दिसला.

स्वतंत्र चॅनल आलं ते शेवटी केबलच्या डब्यातून नाही, इंटरनेटवरून. पीबीएनं ‘एक्स्ट्रा फ्रेम’ ही वर्गणीची सेवा काढली, पुढे ‘फ्लोबोलिंग’ आलं, ‘बोलटीव्ही’ आलं. अंतिम सामने मोठ्या चॅनलांवरच राहिले, आधी ईएसपीएन, २०१९ पासून काही वर्षं फॉक्स. नेटवर लागल्या त्या पात्रता फेऱ्या. ओळीनं मांडलेल्या लेनवर डझनावारी खेळाडू, तासन् तास, आणि निवेदक सांगतोय की डावीकडच्या लेनवरचं तेल आता संपत आलंय.