समजून घेणाऱ्याची जबाबदारी

बुद्धी, हालचाल, दृष्टी आणि श्रवण यांपैकी एकाहून अधिक क्षमतांवर एकाच वेळी गंभीर मर्यादा येणे, म्हणजेच तीव्र बहुविकलांगता, ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांच्याशी संवाद कसा साधावा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास मुख्यतः मुंबईत घडला. एरंडोलसारख्या खानदेशातील तालुक्यासाठी अशा संवादाला कायद्याचा आधार मिळाला तो बऱ्याच उशिरा.

आपल्या मुलीसाठी शाळा शोधणाऱ्या पालकांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. तथापि अंधांच्या आणि कर्णबधिरांच्या शाळा वेगवेगळ्या असल्याने, ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, असे मूल दोन्हींच्या कक्षेबाहेर राहत असे. ही उणीव ओळखून बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये हेलन केलर संस्था उभी केली.

या क्षेत्राला दिशा देणाऱ्या पद्धतींपैकी एक नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी विकसित केली. तिच्यात शिक्षक मुलाच्या हालचालीत स्वतः सामील होतो आणि तिला प्रतिसाद देतो. वस्तुसंकेतांचा वापरही याच परंपरेतला आहे : जेवणापूर्वी दररोज तीच वाटी हातात दिली, की पुढे काय होणार हे मुलाला कळू लागते. अशा संवादात श्वासाची गती, स्नायूंचा ताण आणि मान वळवणे हीच उत्तरे असतात; मात्र त्यांचा अर्थ लावताना मदतनीस स्वतःचीच सोय मुलाची इच्छा म्हणून वाचण्याचा धोका असल्यामुळे निरीक्षणांची नोंद ठेवणे आणि ती घरच्यांशी पडताळणे अत्यावश्यक ठरते.

२०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात तीव्र वा बहुविकलांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्पर्शाद्वारे होणारा संवादही 'संवादा'च्या व्याख्येत घेतला. एरंडोल परिसरातील ज्या घरात अहिराणी बोलली जाते, तेथे येणाऱ्या विशेष शिक्षकाला मुलाच्या ओळखीचे सूर आईकडूनच शिकावे लागतात. तिचे हे ज्ञान लिहून ठेवले नाही, तर मदतनीस बदलताच मुलाला पुन्हा अनोळखी व्हावे लागते. म्हणून कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात उतरायचा असेल, तर अशी नोंदवही शिक्षणाचाच भाग मानली पाहिजे.