शेजारच्या लक्ष्यावर लागलेली गोळी

आजच्या भागात न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या नेमबाजी संघटनेची गोष्ट.

साल १८७४. लाँग आयलंडवरची क्रीडमूर रेंज. समोर आयर्लंडचा नावाजलेला संघ, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. निकाल काय? अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. गंमत म्हणजे एका आयरिश नेमबाजाची गोळी बरोब्बर मध्यावर बसली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर! गुण शून्य. सामना तीन गुणांनी गेला.

त्याच काळातली न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन. ती आपली स्थापना १८७१ची सांगते. मग खेळाची संघटना कोर्टात कशी पोचली?

१९११च्या जानेवारीत कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये भररस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी सुलिव्हन कायदा आला आणि पिस्तुलाला परवाना सक्तीचा झाला. पुढे पिस्तूल घराबाहेर बाळगायला ‘योग्य कारण’ दाखवणं आलं. नुसतं ‘स्वसंरक्षण’ म्हणून भागत नव्हतं, चारचौघांपेक्षा वेगळी गरज पटवावी लागायची. पटली की नाही, हे ठरवणार परवाना देणारा अधिकारी.

संघटनेचा एक मोठा खटला रेंजचाच होता. न्यूयॉर्क शहराचा घरगुती परवाना असेल तर पिस्तूल शहराबाहेरच्या रेंजवर न्यायला बंदी होती. खटला सुप्रीम कोर्टात गेल्यावर शहराने नियमच बदलला, म्हणून २०२० मध्ये कोर्टाने त्यावर निर्णय दिला नाही. पण २३ जून २०२२ रोजी ‘ब्रुएन’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ‘योग्य कारणा’ची अटच रद्द झाली.

मी इंजिनिअर माणूस. एकच इनपुट देऊन दोन वेगळी उत्तरं आली तर मी त्याला बग म्हणतो. त्यामुळे संघटनेचा हा मुद्दा मला पटतो. पण निकालाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, त्याच राज्यातल्या बफेलोत, एका सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीय माणसं मारली गेली होती. तिथे रायफल होती, खटला पिस्तुलांचा होता, मान्य. तरी वाटतं, नियम बरोब्बर मध्यावर बसला आणि लक्ष्यच शेजारचं निघालं तर?

मला उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!