हक्क पाठ होतात, पण कळतात का?

२०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने एक कायदा केला. हायस्कूल पूर्ण करायचे असेल तर विद्यार्थ्याने नागरिकशास्त्राची चाचणी उत्तीर्ण व्हायलाच हवी. त्यासाठी नवे प्रश्न काढले नाहीत. बाहेरून येऊन अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी जो १०० प्रश्नांचा संच होता, तोच घेतला. तेव्हा ६० बरोबर आले की पास होता येत असे. पुढे इतरही अनेक राज्ये याच वाटेने गेली.

प्रश्न असे: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले कोणतेही दोन हक्क सांगा. राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांना काय म्हणतात? उत्तरे आधीपासूनच सर्वांसाठी खुली आहेत. ‘जीवन’ आणि ‘स्वातंत्र्य’ एवढे दोन शब्द सांगितले की गुण मिळाला.

सनावळ्या आणि नावे पाठ करण्याला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. १७७६ आधी की १७८७ आधी हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी पुढचे बोलणेच खुंटते. २०१० च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या शंभरातल्या अवघ्या १२ मुलांना इतिहासात ‘प्रवीण’ किंवा त्यावरची श्रेणी गाठता आली. तेव्हा तिथल्या लोकांची काळजी खरी आहे. पण बी.एड.ला आपण ज्ञान, आकलन, उपयोजन अशी उद्दिष्टे घोकतो आणि त्यानुसार प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता आखतो (खऱ्या संविधानाच्या प्रश्नपत्रिकेलाही तो लागतोच!), त्यातले आकलनाचे घर ही चाचणी जवळजवळ रिकामे ठेवते.

आकलन म्हणजे काय, हे सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसते. आठ इतिहासकार आणि आठ हायस्कूलचे विद्यार्थी. दोघांपुढे १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीचे तेच कागद ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. काही इतिहासकारांचा विषय अमेरिका नव्हताच. माहितीच्या प्रश्नांत काही मुले त्यांच्या पुढे होती. तरीही कागद हातात येताच इतिहासकार आधी पाहत, हा लिहिला कोणी, केव्हा, कशासाठी. मुले पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटली. सगळ्यांत विश्वासार्ह काय, यावर मुलांचा कौल पाठ्यपुस्तकाला गेला. इतिहासकारांनी त्याला जवळजवळ तळाला बसवले.

आता हक्कांकडे येऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावी कर्नल जॉन ॲशली नावाचे बडे गृहस्थ होते. १७७३ साली त्यांच्याच घरात बसून गावातल्या पुढाऱ्यांनी ब्रिटिशांविरुद्ध एक ठराव लिहिला: माणसे मुळात समान आणि स्वतंत्र आहेत. त्याच घरात बेट नावाची एक गुलाम स्त्री राबत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १७८० साली मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना आली. तिच्या पहिल्याच कलमात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे म्हटले होते. लोकांच्या बोलण्यातून हे बेटच्या कानी पडले होते. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. हा सेजविकही त्या ठरावाच्या कामात होता! ब्रॉम नावाचा ॲशलींचाच दुसरा गुलाम तिच्यासोबत वादी झाला. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्यूरीने दोघांना मुक्त ठरवले आणि ३० शिलिंग नुकसानभरपाई दिली. बेटने पुढे एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले.

यावर मी विद्यार्थ्याला विचारेन: बेटने १७७६ च्या जाहीरनाम्याऐवजी राज्याच्या घटनेचा आधार का घेतला? संघराज्याच्या घटनेचा का नाही? दुसरा भाग सोपा आहे; ती घटना १७८७ ची. इथे सनावळी कामाला आली. पहिल्या भागासाठी मात्र जाहीरनामा आणि कायदा यांतला फरक कळावा लागतो. जाहीरनामा राजाला उद्देशून जगाला ऐकवलेला होता, न्यायालयात दाद मागता येईल असे कलम त्यात नव्हते.

मग त्याला व्हर्जिनियात न्यावे. तिथल्या १७७६ च्या हक्कपत्रातही माणसे निसर्गतः स्वतंत्र असल्याचे लिहिले होते. पण ‘समाजात प्रवेश करतात तेव्हा’ अशा अर्थाची एक पाचर मध्ये मारून ठेवली होती. गुलामांना समाजाबाहेर ठेवायला ती पुरेशी होती. १८०६ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने हे हक्कपत्र कृष्णवर्णीय गुलामांना लागू होत नाही असे सांगितले. शब्द जवळपास तेच, निकाल उलटा. का? या ‘का’ला पाच-सहा ओळींचे स्वतःचे उत्तर आले, तर त्या मुलाला हक्क म्हणजे काय ते कळले असे मी मानेन.

असे तपासणारी परीक्षा अमेरिकेत आहे. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या इतिहासाच्या पेपरात सात कागदपत्रे देऊन त्यांवर निबंध लिहून घेतात. कागद कोणाचा, कोणासाठी, यालाही गुण असतो. मला तशी प्रश्नपत्रिका काढायची संधी मिळाली तर मी दोन कागद शेजारी ठेवीन. एक, व्हर्जिनियाच्या १७८६ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याविषयी जेफरसनने आत्मचरित्रात केलेली नोंद: हे संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू सर्वांसाठी आहे. दुसरा, उत्तर कॅरोलिनात गुलाम असलेल्या उमर इब्न सईदने १८३१ मध्ये अरबीत लिहिलेले आत्मवृत्त. आफ्रिकेत शिकलेला हा विद्वान १८०७ मध्ये चार्ल्सटनच्या बाजारात विकला गेला होता. त्याच्या लिखाणाची सुरुवात कुरआनच्या ६७व्या सूरेने, सूरह मुल्कने होते: सत्ता अल्लाहच्या हाती आहे. उर्दू शिकवताना मुल्क, मालिक, मिल्कियत एकाच धातूचे असल्याचे मी फळ्यावर लिहून दाखवतो; मराठीतला ‘मालक’ही तिथलाच. दुसऱ्याची मालमत्ता ठरलेल्या माणसाने नेमकी हीच सूरा का निवडली असेल?

याचे एकच बरोबर उत्तर देता येत नाही. उत्तरपत्रिका वाचायला माणूस बसवावा लागतो, त्याला वेळ आणि पैसे द्यावे लागतात. १०० प्रश्न यंत्र क्षणात तपासते. राज्यांनी १०० प्रश्न का निवडले असावेत, याचा हिशेब इथे बहुधा जुळतो.