बस तीच, स्टॉप बदलला

ऑफिसला जाताना माझी बस सिग्नलपेक्षा स्टॉपवर जास्त रखडते. चढणाऱ्यांची रेटारेटी, मध्येच अडकलेले उतरणारे, वर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत. आम्ही कोडवाले याला बॉटलनेक म्हणतो. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने नेमका तोच फोडला.

१९७१ मध्ये तिथे महापौर झाले जायमे लर्नर, पेशाने आर्किटेक्ट. मेट्रो खिशाला परवडणारी नव्हती. मग १९७४ मध्ये रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी लेन सुरू झाल्या. हे तसं कुणालाही सुचलं असतं.

खरी गंमत १९९१ ची. त्यांनी स्टॉपच बदलला! एक आडवी पारदर्शक नळी, बसच्या फ्लोअरइतकी उंच. पैसे नळीत शिरतानाच द्यायचे. बस आली की तिच्या दारातून फळी उलगडते, नळीला टेकते आणि माणसं सरळ चालत आत. पायऱ्या नाहीत, तिकिटासाठी थांबणं नाही. आजीबाईसुद्धा कुणाचा हात न धरता चढतील. (मेट्रोत आपल्याला हेच तर आवडतं ना?) वर्षभरात जोडबसही आली: तीन भाग, पाच दारं, सुमारे २७० माणसं.

२००० साली कोलंबियाच्या बोगोताने ही पद्धत उचलली. २००६ मध्ये आपल्या पुण्यातही कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली. लेन आली, तिकीट मात्र बसमध्येच राहिलं. त्यावर बोलायला अख्खा एपिसोड लागेल.