खतावणी, व्हाउचर आणि माइन्झचं डॉक्टर जोडपं



आपल्या या पानावर आपण बहुतेक वेळा जुने वाडे, गणेशोत्सव, संस्थानी नोकऱ्या यांच्याबद्दल लिहितो. आज मी थोडं लांबचं लिहितोय, जर्मनीतलं. पण पुढे वाचलंत तर विषय आपल्याही घरातला वाटेल. पोटासाठी परमुलखात गेलेल्या घराची पुढची पिढी कुठवर जाते आणि तिला हात कोण देतं, हा तो विषय.

मी कॉमर्सचा माणूस. आयुष्य बँकेत गेलं, त्यातली बरीच वर्षं उद्योगांच्या कर्जविभागात. त्यामुळे कुठल्याही कंपनीची गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न मनात येतो तो, पैसा कोणी घातला आणि कधी परत मिळाला? डॉ. उगूर शाहीन आणि त्यांच्या पत्नी डॉ. ओझलेम त्युरेजी यांची गोष्ट मी याच नजरेने वाचत गेलो.

१९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. या लोकांना तिकडे 'पाहुणे कामगार' म्हणत. म्हणजे आलात, काम करा आणि परत जा! शाहीन यांचे वडील असेच कोलोनच्या फोर्ड मोटार कारखान्यात लागले. उगूर यांचा जन्म १९६५ चा, तुर्कस्तानातल्या इस्केंदेरून गावचा. चार वर्षांचे असताना ते आईबरोबर वडिलांकडे आले. प्राथमिक शाळेच्या शेवटी जर्मनीत मुलांची वाटणी होते, कोणी विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जायचं आणि कोणी हातकामाच्या. शिक्षकांनी या मुलासाठी दुसरी वाट सुचवली होती. शेजारच्या एका जर्मन गृहस्थांनी मध्ये पडून त्याला पहिल्या वाटेवर घातलं. आपल्यापैकी किती घरांत असा एखादा शेजारी, एखादे मास्तर होऊन गेले असतील, आठवून बघा.

पुढे कोलोनला वैद्यकीय शिक्षण झालं. रोगप्रतिकारशक्ती आणि कर्करोग हा अभ्यासाचा विषय ठरला. होम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांची ओझलेमबाईंशी ओळख झाली. त्याही तुर्की घरातल्या, वडील सर्जन. दोघांना एकच गोष्ट खुपत होती. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी सगळं संपलं की रुग्णाला 'आता काही उरलं नाही' असं सांगावं लागे. शरीराच्याच संरक्षक पेशींना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवता येईल, असं मात्र प्रयोगशाळेतलं काम सुचवत होतं. प्रयोगशाळा ते रुग्णाची खाट हे अंतर कोणीतरी पार करायला हवं होतं, आणि त्यासाठी निबंध पुरत नाहीत, कंपनी लागते. म्हणून २००१ मध्ये 'गॅनिमेड' ही पहिली कंपनी निघाली. २००२ मध्ये लग्न झालं आणि लग्न लागल्यावर दोघं त्याच दिवशी परत प्रयोगशाळेत गेली!

आता बँकवाल्याचा हिशेब बघा. गॅनिमेडने जठराच्या कर्करोगावर एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला घेतली. २०१६ मध्ये जपानच्या अस्टेलास कंपनीने गॅनिमेड विकत घेतली, सुरुवातीलाच ४२ कोटी २० लाख युरो देऊन. त्या औषधाला पहिली सरकारी मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये, जपानात. कंपनी निघाल्यापासून तेवीस वर्षं! आमच्याकडे मुदत कर्ज पाच-सात वर्षांचं, त्यात पहिलं एखादं वर्ष हप्त्याला सवलत. तारण काय, तर जमीन, शेड, मशिनरी, कच्चा माल. डोक्यातल्या कल्पनेवर आणि फ्रीजमधल्या नळ्यांवर कुठली बँक बोजा चढवणार? नव्वदच्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्राचे एक प्राध्यापक रोगनिदानाचे किट बनवण्याचा प्रस्ताव घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. मी शिफारस केली, वरून फाइल परत आली, 'तारण अपुरे' असा शेरा घेऊन. नियम पाहता शेरा चूक नव्हता. लोकांच्या ठेवी आहेत, त्या जुगारात घालायच्या नसतात. पण मग अशा कामाला पैसा कोणी द्यायचा?

जर्मनीत तो दिला स्ट्रुंगमान या जुळ्या भावांनी. त्यांनी आपली हेक्सल ही औषध कंपनी २००५ मध्ये नोव्हार्टिसला विकली होती. हातात स्वतःचा पैसा होता आणि थांबायची तयारी होती. २००८ मध्ये माइन्झ शहरात 'बायोएनटेक' सुरू झाली ती त्यांच्या १५ कोटी युरोंवर. कंपनीच्या रस्त्याच्या नावाचा अर्थ 'सोन्याच्या खाणीपाशी' असा होतो, पण बरीच वर्षं तिथे पैसा फक्त आत जात होता. २०१९ च्या ऑक्टोबरात शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅकवर आले, आणि त्या वर्षी तोटा जवळजवळ १८ कोटी युरोंचा!

त्यांचं तंत्र मी माझ्या भाषेत सांगतो. पेशीच्या केंद्रातला डीएनए म्हणजे तिजोरीतली मुख्य खतावणी. ती काउंटरवर कोणी आणत नाही. हवी तेवढी नोंद एका व्हाउचरवर उतरवून बाहेर पाठवायची, तेच एमआरएनए. काउंटरवर त्याप्रमाणे प्रथिन तयार होतं आणि काम झालं की व्हाउचर फाडून टाकलं जातं. एमआरएनए लशीत आपण बाहेरून एक व्हाउचर पाठवतो, विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं. पेशी तो काटा बनवते, संरक्षक पेशी त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. खतावणीला हात लागत नाही. अडचण एवढीच की बाहेरचं व्हाउचर शरीर लगेच ओळखायचं आणि गोंधळ उडायचा. हंगेरीच्या कातालिन कारिको आणि अमेरिकेचे ड्रू वाइसमन यांनी त्यावर तोडगा काढला. कारिकोबाई २०१३ मध्ये बायोएनटेकमध्ये आल्या आणि २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं.

जानेवारी २०२० मध्ये शाहीन यांनी वुहानच्या रुग्णांवरचा लेख वाचला आणि ही साथ जगभर जाणार असं ताडलं. कर्करोगासाठी उभं केलेलं सगळं तंत्र त्यांनी लशीकडे वळवलं. मार्चमध्ये फायझरची साथ मिळाली. जूनमध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने १० कोटी युरोंचं कर्ज दिलं. (हे वाचून मला बरं वाटलं, शेवटी एक बँक आलीच!) सुमारे ४३ हजार लोकांवर चाचणी झाली, परिणामकारकता ९५ टक्के निघाली आणि २ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने परवानगी दिली. लोक म्हणाले अकरा महिन्यांत लस आली. माझ्या मते हिशेब २००१ पासून धरायला हवा. अकरा महिने हा शेवटचा हप्ता होता.

२०२१ मध्ये कंपनीला १० अब्ज युरोंहून अधिक नफा झाला. दुसरी बाजूही सांगायला हवी. गरीब देशांना लस उशिरा मिळाली, पेटंट खुलं करण्याची मागणी कंपनीने मानली नाही, आणि उणे ७० अंशांची साठवण सगळीकडे जमणारी नव्हती. आपल्याकडे आपण कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन घेतली. २०२४ मध्ये कंपनी पुन्हा तोट्यात गेली, कारण पैसा परत कर्करोगाच्या संशोधनात चाललाय. मूळ काम तेच होतं ना.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, प्रमुख प्रा. गज्जर. याच गज्जरांच्या पुढाकाराने कोटीभास्कर आणि अमीन यांच्या साथीने १९०७ मध्ये अलेम्बिक निघाली. पुढच्याच वर्षी महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. शाळा, कारखाना, बँक, तिन्ही गोष्टी एका माणसाच्या राज्यात अठरा वर्षांत जुळून आल्या. पैसा थांबायला तयार असला की विद्या कारखान्यापर्यंत पोचते, हे आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय.

म्हणून दोन विनंत्या. घरातली नात किंवा नातू संशोधनात जायचं म्हणाला तर पहिला प्रश्न 'पॅकेज किती' हा विचारू नका. आणि दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कोणाच्या घरी कोटीभास्करांबद्दल काही कागद, फोटो, ऐकीव आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. अमीनांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या या माणसाबद्दल मात्र मला फार थोडं सापडलंय, आणि ते गोळा करायची हीच वेळ आहे.