खोक्यातल्या हवेचा हिशेब

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी मागे पडली की नागाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे सुरूचे बन आणि मग समुद्र. सुटीच्या दिवशी या बनाच्या कडेला मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊन थांबतात. त्यांतल्या एखादीची डिकी उघडलेली असते आणि आत एक जाडजूड खोके दणदणत असते. वाडीत बसलेल्या माणसाला गाणे कोणते हे कळत नाही. शब्द आणि सूर वाटेतच विरतात, पोचतो तो नुसता ‘धुम् धुम्’ ठेका. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढ्या लांब तरंगाला माडाचे खोड किंवा वाडीचे कुंपण म्हणजे अडथळाच नव्हे.

हे खोके सबवूफरचे, म्हणजे फक्त खर्जातला ध्वनी काढणाऱ्या लाउडस्पीकरचे. बहुतेकांना ते स्पीकर बसवण्याची पेटी वाटते, आणि सुतारही डिकीत जेवढी जागा असेल तेवढ्या मापाचे करून देतो. वास्तविक निम्मे वाद्य म्हणजे हे खोकेच. ही गोष्ट हिशेबात मांडायला अभियंत्यांनाही पस्तीसेक वर्षे लागली.

आज आपण वापरतो तसा कागदी शंकूचा लाउडस्पीकर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू. वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की शंकू पुढे-मागे हलतो. पण शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. वारंवारता कमी असली की पुढच्या हवेला कडेने वळसा घालून मागे जायला भरपूर वेळ मिळतो आणि दाब तिथल्या तिथे जिरतो. हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जुन्या रेडिओतला स्पीकर काढून नुसता हातात धरून वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यामागे तो धरा. एकाएकी भरलेला खर्ज मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू येईल. पुठ्ठ्याने पुढची आणि मागची हवा वेगळी केली, दुसरे काही नाही.

मागची हवा सरळ खोक्यात कोंडून टाकली तर? तर ती स्प्रिंगसारखी वागते. खोके जितके लहान तितकी स्प्रिंग ताठ आणि शंकूची स्वाभाविक वारंवारता तितकी वर. खर्ज मिळवायला केलेले खोके खर्जच खाऊ लागते.

बेल प्रयोगशाळेतल्या ॲल्बर्ट थुरस यांनी यावर वेगळी वाट शोधली. त्यांनी १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला, ते १९३२ साली मिळाले. त्यांनी खोक्याला मुद्दाम एक छिद्र ठेवले. यामागचे तत्त्व हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक सुरात घुमते. मानेतल्या हवेचे वजन आणि पोटातल्या हवेची स्प्रिंग मिळून तो सूर ठरतो. बाटलीत पाणी ओतत जा, पोट लहान होते, सूर चढतो. स्पीकरच्या खोक्यालाही अशीच मान बसवली, तर त्या विशिष्ट वारंवारतेजवळ मागचा ध्वनी उलटा होऊन पुढच्याला साथ देऊ लागतो. ५० लिटरच्या खोक्याला १० सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर लांबीची नळी लावली, तर हा सूर सुमारे ४१ हर्ट्झ येतो. (नळीच्या टोकांबाहेरची थोडी हवाही हलते. त्यामुळे हिशेबात लांबी सुमारे २७ सेंटिमीटर धरावी लागते.)

१९५४ साली एडगर विल्चर यांनी मात्र बंद खोक्याचीच बाजू घेतली. विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनी-पुनर्निर्मितीचा विषय शिकवत आणि हेन्री क्लॉस त्यांचे विद्यार्थी. दोघांनी मिळून कंपनी काढली. विल्चर यांचा विचार साधा होता. हवेची स्प्रिंग ताठ आहे ना, मग शंकूची स्वतःची लवचीक किनार जवळजवळ ढिली करून टाका आणि शंकू आवरण्याचे काम हवेवरच सोपवा. हवा कापडी किनारीपेक्षा अधिक इमानदार स्प्रिंग आहे. त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून खोल आणि स्वच्छ खर्ज निघाला. किंमत मोजावी लागली ती वॅटमध्ये, कारण तेवढाच आवाज काढायला कितीतरी जास्त वीज लागू लागली.

ही किंमत टाळता येत नाही. क्लॉस यांचे पुढच्या कंपनीतले भागीदार हॉफमन यांच्या नावाने तो नियम ओळखला जातो: लहान खोके, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. मर्यादेची वारंवारता ६० वरून ३० हर्ट्झवर आणायची आणि कार्यक्षमता तीच ठेवायची, तर खोके दुप्पट नव्हे, आठपट करावे लागते. दुकानदार हे सांगत नाहीत.

इथवर खोक्याची मापे बरीचशी अंदाजाने आणि पुनःपुन्हा करून पाहून ठरत. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली स्पीकर आणि खोके यांना मिळून एकच विद्युत-मंडल मानले, आणि स्पीकरचे मोजके गुणांक दिले की खोक्याचे माप कोष्टकातून काढता येते हे दाखवले. लेख छापला गेला ऑस्ट्रेलियातल्याच एका नियतकालिकात आणि जवळजवळ दहा वर्षे जगाच्या नजरेआड राहिला. १९७१ साली अमेरिकेतल्या ध्वनी-अभियंत्यांच्या मासिकाने तो पुन्हा छापला. त्यानंतर सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल यांनी बंद आणि सच्छिद्र, दोन्ही प्रकारच्या खोक्यांचे गणित पुरे केले. आज स्पीकरसोबत मिळणाऱ्या कागदावर जे आकडे असतात ते या दोघांच्या नावाचे.

त्यांतला एक आकडा म्हणजे, शंकूच्या किनारीइतकीच लवचीकता असलेल्या हवेचे घनफळ. समजा ते ६० लिटर आहे आणि शंकूची स्वाभाविक वारंवारता ३० हर्ट्झ. खोके २० लिटरचे केले, तर ६० भागिले २० म्हणजे ३, त्यात १ मिळवून ४, त्याचे वर्गमूळ २. म्हणजे नवी वारंवारता ६० हर्ट्झ. दहावीच्या मुलाला जमेल असा हा हिशेब आहे.

खोके बांधताना आतून ३६ × ३० × २० सेंटिमीटर धरावे. ते २१.६ लिटर होते, स्पीकरच्या बुडाने दीडेक लिटर खाल्ले की हवे ते उरते. फळी १८ मिलिमीटरची. कोकणच्या दमट हवेत एमडीएफ फुगतो, तिथे पाण्याला टिकणारे प्लायवूडच बरे. सांधे सरसाने बुजवून शंकू हलकेच दाबावा आणि सांध्यांजवळून उदबत्ती फिरवावी. धूर हलला तर गळती आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याचा भोपळा निवडतो तो घुमावा म्हणून. इथे नेमके उलटे, खोक्याची भिंत मुकी हवी, नाहीतर ती स्वतःचाच सूर मिसळते.

आता पुन्हा नागावच्या त्या गाडीकडे येऊ. ६० हर्ट्झच्या खाली बंद खोक्याचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबेलने उतरतो. पण गाडीची आतली लांबी पावणेतीन मीटर असेल, तर साधारण त्याच ६० हर्ट्झच्या खाली तरंग गाडीत मावत नाही. सगळी गाडीच एक दाबपेटी बनते आणि आतला दाब जवळजवळ तेवढ्याच दराने चढतो. उतार आणि चढ एकमेकांना बरेचसे भरून काढतात. म्हणजे गाडी हेच दुसरे खोके. डिकी उघडली की ते खोके नाहीसे होते. ३० हर्ट्झला १२ डेसिबेल गेले, ते भरून काढायला सोळापट शक्ती हवी, तेवढी वर्धकात नसते आणि शंकूला सोसतही नाही. खर्ज बसला म्हणून मालक आवाज वाढवतो. वाढतो तो ६० हर्ट्झच्या आसपासचा ठेका, आणि तोच वाड्या ओलांडून रस्त्यापलीकडच्या घरांपर्यंत जातो.