द्वारकेची बावडी ते लोधी गार्डन : एका पायवाटेचा आराखडा

स्मरणिका समितीने यंदा माझ्याकडून लेख मागितला तेव्हा मी जरा कचरलो. मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि रेल्वेत रुळांच्या देखभालीत आयुष्याची वीस-बावीस वर्षे गेली. पण एक गोष्ट मला चांगली जमते, ती म्हणजे चालणे. रुळावरचा आमचा कीमन रोज आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या बीटवर पायी फिरतो. कुठे चावी सैल झाली, कुठे फिशप्लेटचा बोल्ट ढिला आहे, हे त्याला चालल्यामुळेच कळते. गाडीत बसलेल्याला ते दिसत नाही. गेल्या दीड वर्षात दिल्लीच्या इतिहासाकडे मी असाच पायी पाहू लागलो. त्याची दोन कारणे घडली.

पहिले कारण घरातलेच. मुलीला शाळेतून ‘माझ्या परिसराचा इतिहास’ असा प्रकल्प मिळाला. तिने पहिलेच वाक्य लिहिले की द्वारका ही नवीन वसाहत असल्यामुळे तिला इतिहास नाही. मी ते वाचले, शुद्धलेखन तपासले आणि सही केली. नंतर कळले की आपल्याच सेक्टर १२ मध्ये, लोहारहेडी या जुन्या गावच्या जागी, लोदी काळातली बावडी आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची. त्या रस्त्याने मी कित्येक वर्षे भाजी आणायला जात होतो!

दुसरे कारण फेब्रुवारी २०२५ चे. तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दिल्लीत यापूर्वीचे संमेलन १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. म्हणजे सत्तर वर्षांनी हा योग आला. आपल्यापैकी पुष्कळजण सहकुटुंब गेलो, पुस्तके घेतली, फोटो काढले. माझ्याबरोबर आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी आले होते, मूळचे मेरठचे. त्यांनी सहज विचारले, “भाईसाब, आपके पेशवा यहीं आये थे ना? लूटने आये थे या राज करने?” मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, कारण त्याचे उत्तर मला खरोखरच येत नव्हते.

तालकटोऱ्याचे उत्तर

त्यानंतर रविवारी रविवारी वाचन केले. मार्च १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी बादशाही फौजांना चकवून मोठमोठ्या मजला मारत थेट दिल्ली गाठली. पहिला तळ कालकाजीच्या परिसरात पडला. तिथे देवीची जत्रा होती, आणि जत्रेकरूंची लूट झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे तळ तालकटोऱ्याच्या बाजूला हलला. बादशाही फौज शहराबाहेर चालून आली, तेव्हा राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आदी सरदारांनी तिचा पराभव केला. शहर समोर उघडे होते. तरीही बाजीरावांनी ते जाळले नाही. दिल्लीसारखे स्थळ उद्ध्वस्त केल्याने राजकारणाचा दोर तुटेल, असा विचार त्यांनी चिमाजी आप्पांना पत्रातून कळवला आहे. म्हणजे सहकाऱ्याच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे खरी होती. लूटही झाली आणि संयमही राखला गेला.

पुढचा इतिहासही असाच दुपदरी आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेच्या खर्चाची ओढाताण होती म्हणून लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून वितळवले. हे एक टोक. दुसरे टोक १७८८ चे. गुलाम कादराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याला सोडवून पुन्हा गादीवर बसवले ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला. तिथेच दिल्लीतला मराठी अंमल संपला.

आराखडा

आता मूळ मुद्द्यावर येतो. अमेरिकेत बोस्टन शहरात १९५१ साली एका पत्रकाराच्या सूचनेवरून ‘फ्रीडम ट्रेल’ सुरू झाली. बोस्टन कॉमन या बागेतून निघायचे, पदपथावरच्या लाल रेघेवरून सुमारे चार किलोमीटर चालायचे आणि वाटेत सोळा ऐतिहासिक स्थळे पाहायची. आपल्याकडे अहमदाबादला १९९७ पासून रोज सकाळी वारसा-फेरी निघते. दिल्लीत तर इन्टॅक या संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत बाराशेहून अधिक वास्तू आहेत. मग आपल्या मंडळाची एक वाट का नसावी? बागांतून बागांना जोडणारी, सावलीची, मुलाबाळांना झेपणारी.

मी ती चार वेळा चालून पाहिली. क्रम असा ठेवावा, असे सुचवतो.

आरंभ घरातून, म्हणजे द्वारकेच्या बावडीपासून. तिथे दहा मिनिटे थांबून सेक्टर २१ ला यावे. तिथून एअरपोर्ट लाइनने थेट शिवाजी स्टेडियम स्थानक. (नाव ऐकूनच मुले खूष होतात.) बंगला साहिब आणि गोल डाकखान्यावरून तालकटोरा गार्डन अडीच किलोमीटरच्या आसपास. इथे १७३७ ची हकिकत सांगावी.

तिथून मदर तेरेसा क्रेसेंटने राष्ट्रपती भवनाच्या मागच्या बाजूने चालत ग्यारह मूर्तीपाशी यावे. देवीप्रसाद रायचौधरींचे दांडीयात्रेचे हे शिल्प चालणाऱ्यांचेच शिल्प आहे. तिथे पाणी प्यावे. पुढे तीन मूर्ती आणि मग सफदरजंगाची कबर.

या कबरीपाशी मात्र घाई करू नये. सफदरजंग हा अवधचा नवाब आणि बादशहाचा वजीर. अब्दालीच्या धोक्यामुळे १७५२ मध्ये मराठ्यांशी करार करण्यात तो पुढे होता. १७५४ मध्ये तो वारला, आणि ही कबर बांधली त्याचा मुलगा शुजाउद्दौला याने. हाच शुजा १७६१ ला पानिपतावर अब्दालीच्या बाजूला उभा होता. आणि लढाईनंतर विश्वासराव व भाऊसाहेब यांच्या देहांना अग्निसंस्कार मिळावा म्हणून खटपट करणाराही हाच शुजा! एका कबरीच्या बागेत मैत्री, वैर आणि माणुसकी तिन्ही भेटतात. मुलांना पानिपत शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

जवळच मिर्झा नजफखानाची कबर आहे. आपल्या शेजारच्या नजफगढाला याचेच नाव. महादजी शिंद्यांच्या पाठबळावर शाह आलम जानेवारी १७७२ मध्ये अलाहाबादहून दिल्लीला परतला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेला हा सरदार. म्हणजे आपण रोज मेट्रोच्या पाटीवर वाचतो त्या नावाचा धागाही आपल्या इतिहासाशी जुळलेला आहे.

शेवट लोधी गार्डनमध्ये. खैरपूर गाव हलवून १९३६ मध्ये हा बाग झाला. सिकंदर लोदीची कबर इथेच. आपली बावडीही त्याच घराण्याच्या काळातली, म्हणजे सकाळी जिथून निघालो त्याच काळात दुपारी परत आलो. तिथला अठपुला मात्र मी कितीही वेळा पाहतो. आठ खांब, सात कमानी, अकबराच्या काळातले बांधकाम. आमच्या पुलांच्या तपासणीच्या नोंदवहीत या पुलाची नोंद करायला मिळाली असती तर मला आवडले असते. परतीसाठी जोरबाग मेट्रो.

अडचणी

शिवाजी स्टेडियमपासून अठपुल्यापर्यंत एकूण चाल अंदाजे दहा किलोमीटर होते. ज्येष्ठांना ती झेपणार नाही, म्हणून तालकटोरा ते सफदरजंग हा मधला टप्पा त्यांनी बसने किंवा रिक्षाने करावा. मोठे रस्ते ओलांडताना मुलांच्या पुढे-मागे दोघेदोघे हवेत. स्वच्छतागृहे बागांत आहेत, मधल्या रस्त्यावर कमी. ऋतू फेब्रुवारीचा. थंडी सरलेली असते आणि फुले असतात.

खरी अडचण वेगळी आहे. समितीच्या बैठकीत एक मत असे निघाले की फक्त विजयाच्या जागा दाखवाव्यात. जत्रेची लूट आणि चांदीचे छत मुलांना कशाला सांगायचे? भावना समजते. पण रुळाला तडा गेला असेल तर तो नोंदवहीत लिहावाच लागतो. लाज वाटते म्हणून तो झाकला, तर पुढची गाडी त्यावरूनच जाणार असते. आपली मुले इथल्या शाळांत, इथल्या मित्रांमध्ये वाढत आहेत. उद्या त्यांनाही कुणीतरी तालकटोऱ्याचा प्रश्न विचारील. तेव्हा त्यांनी माझ्यासारखे हसून वेळ मारून नेऊ नये, एवढीच इच्छा.

मी दररोज कामावर जाताना शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज ही दोन स्थानके ओलांडतो. पूर्वी हे मिंटो ब्रिज आणि हार्डिंज ब्रिज होते. नाव बदलता येते, ते बदललेही. पण नावामागची हकिकत कुणीतरी बरोबर चालून सांगावी लागते. लोकमान्यांनी उत्सव घराबाहेर आणला, तो लोकांनी एकत्र यावे, बोलावे, विचार करावा म्हणूनच.

ता. क. मुलीने प्रकल्पातले पहिले वाक्य खोडले आहे. बावडीचे मोजमाप घ्यायला तिने माझा टेप मागून नेला. आमच्या मेरठच्या सहकाऱ्यांनाही फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारचे आमंत्रण दिले आहे. उत्तर तयार आहे, म्हणून कळवले. ते सपत्नीक येत आहेत. आपणही यावे. नावे मंडपातील नोंदणी टेबलावर द्यावीत, चालायचे बूट घालून यावे आणि पाण्याची बाटली विसरू नये.

गणपती बाप्पा मोरया!